सतलजच्या पदकावरील पट्टी

शीख युद्धांतील पदके जमविणाऱ्याने प्रथम ज्या भागाकडे पाहावे, तो राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा नसून पदकाच्या टांगणीवर, फितीच्या लगत, बसविलेली अरुंद चांदीची पट्टी होय; कारण कोणता शिपाई कोणत्या रणांगणावर हजर होता याचा दाखला तीच देते. तशी पट्टी नसल्यामुळे १८४२च्या अफगाण मोहिमेत कंदाहार, गझनी, काबूल येथील हजेरीनुसार पदकांचे निरनिराळे साचे करावे लागले, आणि पुढल्या वर्षी सिंधमधील मियानी व हैदराबाद यांच्या बाबतीतही तोच खटाटोप झाला. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार येथे शिंद्यांची फौज एकाच दिवशी पराभूत झाली, तेव्हा तिच्याच हस्तगत तोफांच्या धातूतून दोन लढायांचे दोन वेगळे तारे घडविण्यात आले. ते पाहताना मराठी मनाला होणारी वेदना मी लपवू इच्छीत नाही.

महाराजपूरचा विजेता सेनापती गफ दोनच वर्षांनी सतलजकाठी उभा होता, आणि तेथे आठ आठवड्यांच्या आत मुदकी, फिरोजशहा, अलिवाल व सोबराव अशा चार लढाया झाल्या. हजेरीच्या इतक्या भिन्न प्रकारांना साचे पुरविणे दुष्कर असल्यामुळे, विल्यम वायन याने घडविलेल्या पदकावर शिपायाची पहिली लढाई तेवढी विजयदेवतेच्या पायांखाली उमटली, व पुढील प्रत्येक लढाईची एकेक पट्टी वर चढली. १८४९च्या पंजाब पदकात तर मागची बाजूही सर्वांची एकच झाली: अश्वारूढ जनरल गिल्बर्टपुढे शस्त्रे ठेवणारे शीख वीर. जेत्याच्या गौरवार्थ कोरलेल्या या चित्रात पराभूतांचीच व्यथा मला अधिक दिसते.

मुलतान, चिलियनवाला आणि पंजाबातील गुजरात या पंजाब पदकाच्या पट्ट्या. मुंबई इलाख्याची तिसरी पलटण, म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, मुलतानच्या वेढ्यात आणि गुजरातेतही लढली. परंतु पट्टी उपटून दुसरी लावणे कठीण नसल्यामुळे बाजारात खोटी जुळणी पुष्कळ आढळते. चिलियनवाल्याची लढाई १३ जानेवारीची, आणि तेथून कैक मजला दूर असलेले मुलतान पडले २२ जानेवारीस. तेव्हा तिन्ही पट्ट्या एकाच पदकावर दिसल्यास संग्राहकाने कडेवरील नाव भिंगाखाली धरावे, कड घासून पातळ झाली आहे काय ते तपासावे, आणि पलटणीच्या हजेरीपटाशी पडताळल्यावाचून मोल ठरवू नये.