चालण्याची शर्यत आणि स्थानिक क्लब : इंग्लंडमधील प्रवेशाचा इतिहास

चालण्याच्या शर्यतीचा इतिहास पाहताना एक प्रश्न सहसा बाजूला पडतो : या खेळात नवखा माणूस शिरतो तरी कोठून? धावणे मूल अंगणातच शिकते. शर्यतीची चाल मात्र कोणीतरी शिकवावी लागते. एक पाऊल सतत जमिनीला टेकलेले असावे, हा तिचा मूळ नियम. आणि तो पाळला गेला की नाही, हे पंचांनी नुसत्या डोळ्यांनी ठरवावयाचे. असा खेळ एकट्याने शिकणे अवघडच. इंग्लंडमध्ये तो क्लबांच्या आश्रयाने वाढला, याचे कारण बऱ्याच अंशी येथे आहे.

आरंभी हा खेळ पैजेचा होता. १८०९ मध्ये न्यूमार्केट येथे कॅप्टन बार्कले याने सलग १००० तास, दर तासाला एक मैल चालून १००० गिनींची पैज जिंकली. पैजेमागोमाग जुगार आला, आणि जुगारामागोमाग अपकीर्ती. १८६६ मध्ये हौशी अ‍ॅथलेटिक क्लबने पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरविली, तेव्हा तीत सात मैल चालण्याची शर्यत होती. ती क्लबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन ग्रॅहॅम चेंबर्स यानेच जिंकली. मात्र या क्लबच्या व्याख्येतील 'हौशी' म्हणजे केवळ पैसे न घेणारा नव्हे. कारागीर आणि मजूर यांना तीत जागा नव्हती. हातांनी काम करणाऱ्याने पायांच्या स्पर्धेत उतरू नये, असाच तिचा अर्थ होत होता. १८८० मध्ये हौशी अ‍ॅथलेटिक संघटना स्थापन झाली आणि हे दार उघडले.

त्याचे परिणाम विसाव्या शतकात स्पष्ट दिसतात. १९०३ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातील मंडळींची ब्रायटनपर्यंतची शर्यत गाजली, १९०७ मध्ये चालण्याच्या शर्यतीची स्वतंत्र संघटना निघाली आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील चालण्याच्या दोन्ही शर्यती ब्रायटनचा पोलीस जॉर्ज लार्नर याने जिंकल्या. १९११ मध्ये स्थापन झालेल्या 'सेंच्युरियन्स' या मंडळाने तर सदस्यत्वासाठी एकच अट ठेवली : २४ तासांत १०० मैल चालणे. कुळ, शिक्षण वा व्यवसाय विचारण्याचे कारणच उरले नाही.

क्लबच्या या कार्याचे सर्वांत बोलके उदाहरण टॉमी ग्रीन याचे म्हणावे लागेल. मुडदूस झाल्यामुळे त्याला वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत चालता येत नव्हते. पहिल्या महायुद्धात तो जखमी झाला आणि विषारी वायूचाही त्यास त्रास झाला. युद्धात दृष्टी गमावलेल्या एका परिचिताला लंडन-ब्रायटन चालीच्या सरावात सोबत करीत असता त्यास या खेळाची गोडी लागली. १९२६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो स्पर्धेत उतरला. पुढे बेलग्रेव्ह हॅरियर्स या क्लबचा सदस्य म्हणून त्याने नाव कमावले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिकमधील पहिली ५० किलोमीटरची शर्यत या रेल्वे कामगाराने जिंकली. इतक्या उशिरा आलेल्याला सामावून घेणारे खेळ थोडेच.

डॉन थॉम्पसन हा विमा कार्यालयातील कारकूनही आडवाटेनेच आला. टाचेच्या स्नायुबंधाला झालेल्या दुखापतीमुळे धावणे अशक्य झाले, म्हणून तो चालू लागला. १९५६ मध्ये मेलबर्नच्या उष्म्यात तो कोसळला. रोमच्या उन्हाची तयारी त्याने घरच्या न्हाणीघरात, शेगड्या आणि उकळत्या किटल्या ठेवून केली व १९६० मध्ये सुवर्णपदक मिळविले.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र क्लबांनी उघडलेले दार फार काळ अर्धेच राहिले. इंग्लंडमधील महिलांच्या १९२३ च्या अजिंक्यपद स्पर्धेत ८८० यार्ड चालण्याची शर्यत होती; ऑलिंपिकमध्ये त्यांना प्रवेश मिळाला तो १९९२ मध्ये, बार्सिलोना येथील १० किलोमीटरच्या शर्यतीत.