बिलुंडचा ताजमहाल

ताजमहाल विकल्याच्या गोष्टी आपल्याकडे नटवरलालच्या नावावर खपतात. त्यात खरं किती आणि मीठमसाला किती, ते सोडा. पण एक ताजमहाल मात्र खरोखर विकला गेलाय, तोही पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा चढ्या भावाने, आणि अगदी कायदेशीरपणे. हा ताजमहाल प्लॅस्टिकचा आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या छोट्याशा गावातल्या लेगो कंपनीने तो २००८ साली बाजारात आणला. सेट क्रमांक १०१८९, ठोकळे ५९२२, अमेरिकेतली किंमत २९९ डॉलर ९९ सेंट. (बाटा-छाप किंमती लावायची पद्धत तिकडेही आहे! :-)) तेव्हाच्या दराने साधारण बारा-तेरा हजार रुपये झाले.

दोन-तीन वर्षांत कंपनीने हा सेट बंद केला. लेगोवेड्यांच्या भाषेत सेट 'रिटायर' झाला. आणि मग आपल्याकडे रिटायर माणसाचं जे कधी होत नाही ते झालं, त्याचा भाव वाढला. दशकाच्या मध्यापर्यंत न उघडलेल्या सीलबंद बॉक्ससाठी लोक दोन हजार डॉलरच्या वर मोजायला लागले, काही सौदे तीन हजारांच्या पुढे गेले. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांसाठी! मुलाला खेळायला नाही, तर कपाटात ठेवायला.

हे असं का होतं, हा आजचा विषय. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

ओले कर्क क्रिस्टियानसेन हा बिलुंडचा सुतार. १९३० च्या दशकातल्या मंदीत घरं बांधायची कामं मिळेनात, म्हणून १९३२ पासून त्याने लाकडी खेळणी बनवायला घेतली. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरं जोडून लेगो हे नाव झालं. एकावर एक बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे १९४९ मध्ये आले, पण ते नीट पकड घेत नसत. वर बटणं आणि आत पोकळ नळ्या ही आजची रचना २८ जानेवारी १९५८ ला पेटंटसाठी दाखल झाली. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर 'टक्' आवाज करून बसतो. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणजे काय हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे न बघता बिलुंडकडे बघावं.

पुढची तीस-चाळीस वर्षं सेट येत होते आणि जात होते. कॅटलॉगमध्ये एक-दोन वर्षं दिसायचे, मग त्यांची जागा नवे घ्यायचे. त्यात विशेष काही नव्हतं. कारखान्यातली यंत्रं मोजकी, दुकानातल्या फळ्या मोजक्या, आणि मुलांना दर नाताळाला नवीन काहीतरी हवं. कुठलाही बॉक्स घरी आला की पहिल्या पाच मिनिटांत फाटायचा. सूचनापुस्तिका हरवायची, ठोकळे एकाच डब्यात मिसळून जायचे. जुना सेट सीलबंद ठेवावा असं कोणाच्या स्वप्नातही येत नसे, आणि नेमकं म्हणूनच ते जुने सेट आज दुर्मिळ आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चित्र बदललं ते तीन गोष्टींमुळे.

पहिली म्हणजे, मुलं मोठी झाली. हसऱ्या पिवळ्या चेहऱ्याचा, हातपाय हलवणारा लेगोचा छोटा माणूस १९७८ मध्ये आला. त्याच्याशी खेळलेली युरोप-अमेरिकेतली पिढी शतक संपता संपता पगार कमवू लागली होती. (आपल्यापैकी बहुतेकांचं लहानपण मेकॅनिक्सच्या हिरव्या-लाल पट्ट्या आणि नट-बोल्टांवर गेलं. लेगो दिसायचा तो परदेशातून आलेल्या एखाद्या मामाच्या बॅगेत.) लहानपणी आईने घेऊन न दिलेली वस्तू स्वतःच्या पैशाने घेता येणं, याच्यासारखं दुसरं सुख नाही, आणि त्याची किंमत मोजायला माणूस तयार असतो.

दुसरी गोष्ट, बाजार तयार झाला. १९९५ मध्ये ईबे सुरू झालं. २००० मध्ये डॅन जेझेक नावाच्या एका लेगोप्रेमी प्रोग्रामरने खास सुट्या ठोकळ्यांसाठी आणि जुन्या सेटसाठी ब्रिकलिंक हा ऑनलाईन बाजार उभा केला. त्याआधी ओहायोतल्या एखाद्याच्या माळ्यावर पडलेला सेट आणि म्युनिकमधलं त्याचं गिऱ्हाईक एकमेकांना भेटणंच शक्य नव्हतं. आता ते भेटू लागले, आणि मुख्य म्हणजे मागच्या महिन्यात कुठला सेट कितीला गेला हे सगळ्यांना दिसू लागलं. भाव दिसला की सट्टा आलाच.

तिसरी गोष्ट स्वतः कंपनीने केली. १९९९ मध्ये तिने परवाना घेऊन 'स्टार वॉर्स'चे सेट बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी मोठ्यांसाठी 'अल्टिमेट कलेक्टर' ही मालिका काढली. नाव बघा, खेळणाऱ्यासाठी नाही तर संग्राहकासाठी. मध्ये २००३-०४ च्या सुमाराला कंपनी जवळजवळ बुडायला आली होती. तऱ्हेतऱ्हेच्या आकारांचे इतके तुकडे वाढले होते की ते बनवणं परवडेना. येर्गेन विग क्नूडस्टोर्प हा नवा सीईओ आला, त्याने तुकड्यांची छाटणी केली, लेगोलँड पार्क विकली, गाडी रुळावर आणली. सावरलेल्या कंपनीने मग मोठ्यांच्या खिशाकडे मोर्चा वळवला. २००७ मध्ये २०५६ ठोकळ्यांचा 'कॅफे कॉर्नर' आला, १४० डॉलरला. त्याच वर्षी ५१९५ ठोकळ्यांचं 'मिलेनियम फाल्कन' यान आलं, ५०० डॉलरला. आणि २००८ मध्ये आपला ताजमहाल. तो तेव्हा लेगोचा सगळ्यात जास्त ठोकळ्यांचा सेट होता, आणि हा मान त्याने २०१७ पर्यंत टिकवला.

हे तिन्ही सेट बंद झाल्यावर त्यांचे भाव आकाशाला भिडले. १४० डॉलरचा कॅफे कॉर्नर सीलबंद असेल तर हजार डॉलरच्या वर गेला. फाल्कनने काही हजार गाठले.

आता इंजिनिअरच्या डोक्यात येणारा प्रश्न. ठोकळे तर तेच ना? सूचनापुस्तिका कंपनी स्वतःच फुकट डाउनलोड करू देते. सुटे ठोकळे ब्रिकलिंकवर मिळतात. म्हणजे सोर्स कोड उघडा आहे, लायब्ररी बाजारात आहेत, घरी बसून बिल्ड करा की! लोक तसं करतातही. पण दोन अडचणी येतात. एक म्हणजे काही तुकडे एका विशिष्ट रंगात फारच थोड्या सेटमध्ये आलेले असतात. २००८ च्या 'ग्रीन ग्रोसर' दुकानाच्या भिंतींचा फिका शेवाळी रंग याच कारणाने बदनाम होता. हजारो साधे तुकडे सहज मिळतात, आणि सगळा खर्च त्या मूठभर विटांवर होतो. आणि दुसरं म्हणजे, असा बांधलेला सेट हुबेहूब असला तरी त्याला कारखान्याचं सील नसतं. खरी किंमत त्या सीलची. बॉक्स उघडला की आतलं प्लॅस्टिक तेच राहतं, पण पैशाचा मोठा भाग त्या क्षणी हवेत उडून जातो. खेळण्याची किंमत न खेळण्यावर ठरते.

यावर अभ्यासही झालाय. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या व्हिक्टोरिया डोब्रिन्स्काया आणि युलिया किशिलोवा यांनी १९८७ ते २०१५ या काळातले २३२२ सेट तपासले. रिटायर झालेल्या सेटचा सरासरी परतावा वर्षाला किमान ११ टक्के निघाला. बातम्यांनी लगेच 'सोन्यापेक्षा लेगो भारी' असे मथळे दिले. पण त्याच अभ्यासातली दुसरी आकडेवारी मथळ्यात आली नाही. वेगवेगळ्या सेटचा वार्षिक परतावा उणे ५० टक्क्यांपासून अधिक ६०० टक्क्यांपर्यंत पसरला होता. म्हणजे सरासरी ही कोणाच्याच कपाटात नसते. त्यातून जागेचं भाडं, कोपरा चेपला तर पडणारा भाव, पोस्टाचा खर्च, विक्रीवरचं कमिशन वजा करा. पुण्या-मुंबईच्या दर चौरस फुटाच्या हिशोबात तर ताजमहालाचा बॉक्स ठेवायला जितकी जागा लागते त्या जागेचाच ईएमआय मोजावा लागेल :-)

पैसा आला तिथे भामटेही आले. २०१२ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या उपाध्यक्षाला अटक झाली. हा गृहस्थ घरी छापलेले खोटे बारकोड लेगोच्या बॉक्सवर चिकटवायचा, स्वस्तात घ्यायचा आणि ईबेवर विकायचा. उपाध्यक्ष! पगार किती असेल विचार करा. चीनमध्ये लेपिन नावाच्या ब्रँडने तर बंद झालेले सेट हेरून त्यांच्याच नकला काढल्या. कॅफे कॉर्नर, ताजमहाल, सगळं पुन्हा बाजारात, मूळ किमतीच्याही खाली. २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी धाड घालून तो कारखाना बंद पाडला. नक्कल ही चोरीच. पण लोकांना सील नको होतं, बांधायला ताजमहाल हवा होता, हे त्या नकलांच्या खपाने सिद्ध केलं.

आणि मग नोव्हेंबर २०१७ उजाडला. लेगोने ताजमहाल पुन्हा काढला. क्रमांक नवा, १०२५६. ठोकळे ५९२३, म्हणजे आधीपेक्षा एक जास्त. किंमत ३७० डॉलर. बाकी जवळजवळ तोच सेट. त्याच्या महिनाभर आधी ७५४१ ठोकळ्यांचं नवं फाल्कनही आलं होतं, ८०० डॉलरला. ज्यांनी दोन-तीन हजार मोजून जुना ताजमहाल कपाटात ठेवला होता, त्यांच्या हातात एका रात्रीत काय उरलं? एक जुना बॉक्स. भाव कोसळले.

तेव्हा बरीच आरडाओरड झाली. कंपनीने विश्वासघात केला वगैरे. पण मला विचाराल तर कंपनीने असा शब्द दिलाच कुठे होता? बंद केला म्हणजे पुन्हा कधीच काढणार नाही असं बॉक्सवर कुठेही छापलेलं नव्हतं. उलट २००१-०२ मध्येच लेगोने 'लेजेंड्स' नावाने १९९१ ची मेट्रोलायनर रेल्वे, १९८९ चं 'ब्लॅक सीज बॅराकुडा' हे समुद्री चाच्यांचं जहाज असे जुने लाडके सेट पुन्हा काढले होते. उदाहरण डोळ्यासमोर होतं. जुन्या नाण्याचं तसं नसतं. शिवकालीन होन आता कोणी पाडू शकत नाही, ती टांकसाळ आणि तो काळ दोन्ही गेले. ठोकळ्यांची टांकसाळ मात्र रोज चालू आहे. सीलबंद सेटला मिळणारा जास्तीचा भाव ही प्लॅस्टिकची किंमत नसून, न दिलेल्या एका वचनाची किंमत आहे. ते वचन मोडायचं की नाही, हे बिलुंडमधल्या एका मीटिंगमध्ये ठरतं, आणि त्या मीटिंगचं निमंत्रण आपल्याला नसतं. २०१९ मध्ये तर कंपनीने ब्रिकलिंकही विकत घेतलं. म्हणजे नवा माल तिचा, आणि जुन्या मालाचा सगळ्यात मोठा बाजारही तिचाच.

तरी याला नुसता फुगा म्हणून सोडून देता येत नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या छोट्या कापडी प्राण्यांचं असंच वेड आलं होतं. ती कंपनी मुद्दाम एकेक प्राणी 'रिटायर' करायची, लोक पोत्याने साठवायचे, आणि १९९९ च्या सुमाराला सगळं फुस्स झालं. तिथे साठवणारा पुढच्या साठवणाऱ्यालाच विकत होता. लेगोच्या साखळीच्या टोकाला अजून एक माणूस उभा आहे, जो बॉक्स घेऊन घरी जातो, कात्री लावतो आणि रात्रभर जागून ताजमहाल बांधतो. त्याने एक बॉक्स फोडला की उरलेले तितके दुर्मिळ होतात. म्हणजे गंमत बघा, साठवणाऱ्याचा सगळा नफा खेळणाऱ्यांच्या जिवावर चालतो. १९८० च्या सेटला आज भाव आहे कारण तेव्हाच्या मुलांनी ते फोडले, मोडले, हरवले. आज हजारो लोक 'गुंतवणूक' म्हणून एकच सेट चार-चार प्रतींत भरून ठेवतात, तेव्हा तो सेट पुढे दुर्मिळ होणार तरी कसा?

ऑनसाईटला गेलेले मित्र परत येताना सूटकेसमध्ये एखादा मोठा लेगो आणतात आणि विचारतात, 'दोन घेऊन एक ठेवून देऊ का रे?' माझं उत्तर साधं आहे. बॉक्स उघडायचा असेल तर एक घे. भाव वाढला, पडला, कंपनीने पुन्हा काढला, तरी तुझा ताजमहाल तुझ्या टेबलावर उभाच असेल. आणि उघडायचा नसेल तर सरळ इंडेक्स फंड घे. त्याचा बॉक्स निदान चेपत तरी नाही. २०२१ मध्ये लेगोने ताजमहालाचा आणखी एक, २०२२ ठोकळ्यांचा छोटा सेट काढला. म्हणजे तेरा वर्षांत तिसरा. पैसे असले तरी शहाजहानने एकच बांधला होता!

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.