'आमच्या वेळी' कोण कोण होतं?

"आमच्या वेळी खरी चळवळ होती, आता काय उरलंय?" हे वाक्य आपण प्रत्येक जयंतीला कुणा ना कुणा ज्येष्ठ कार्यकर्त्याकडून ऐकतो. अमेरिकेत हार्डकोअर पंक वाजवून आता साठीला पोचलेली माणसंही नेमकं हेच बोलतात. त्यांचा इतिहास आपण का वाचायचा, ते सांगतो.

१९८० च्या आसपास वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस अशा शहरांतल्या पोरांनी पंक संगीत आणखी वेगवान आणि कडक केलं. त्यालाच हार्डकोअर म्हणतात. गाणं मिनिट-दीड मिनिटाचं. मोठ्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, म्हणून रेकॉर्ड, पत्रकं, कार्यक्रम सगळं स्वतःच. वॉशिंग्टनच्या 'टीन आयडल्स' या बँडने साठवलेले सुमारे ६०० डॉलर वाटून न घेता १९८० साली रेकॉर्ड काढली आणि त्यातून 'डिस्कॉर्ड' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. वर्गणी काढून अनियतकालिकं चालवणाऱ्या आपल्या माणसांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण पुढे या काळाचं स्मरणरंजन सुरू झालं. त्या वर्तुळात कार्यक्रम भरवणाऱ्या स्टीव्हन ब्लश यांनी २००१ मध्ये 'अमेरिकन हार्डकोअर' हे पुस्तक लिहिलं, २००६ मध्ये त्यावर माहितीपट आला. त्यात काळाची चौकट १९८० ते १९८६. म्हणजे आम्ही आलो तेव्हा सुरू झालं, आम्ही थांबलो तेव्हा संपलं! प्रश्न असा, की ते कोणासाठी संपलं?

वॉशिंग्टनच्या हार्डकोअरला वेग दिला तो 'बॅड ब्रेन्स'ने, आणि हे चौघेही काळे होते. हे आज सगळेच अभिमानाने सांगतात. पण त्यावरून "आमच्यात वंशभेद नव्हताच" असा निष्कर्ष काढला जातो, तो खोटा आहे. नाझी चिन्हं मिरवणाऱ्यांना हाकलण्यासाठी 'डेड केनेडीज'ला १९८१ मध्ये खास गाणं करावं लागलं. 'मायनर थ्रेट'चं 'गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट' हे गाणं वंशभेदाविरुद्ध आहे असं ते लिहिणारे इयान मॅकाय सांगत आले, तरी गोऱ्या वंशवाद्यांनी ते आपलं म्हणून उचललंच. हेतू निर्मळ असून भागत नाही. "मी जात मानत नाही, मग मला का दोष देता?" हा सूर आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे.

आणि स्वतः 'बॅड ब्रेन्स'? १९८२ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात त्यांनी 'बिग बॉइज'च्या समलिंगी गायकाशी द्वेषाने वर्तन केलं. ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्यावर अन्याय करणार नाही, याची हमी इतिहास देत नाही. ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे.

सर्वात महत्त्वाची साक्ष ॲलिस बॅग यांची. पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन कुटुंबातली ही मुलगी १९७७ पासून 'द बॅग्ज'ची गायिका. त्यांचं म्हणणं असं, की सुरुवातीच्या तिथल्या पंकमध्ये बाया, समलिंगी, मेक्सिकन, काळे सगळे होते. हार्डकोअर आलं तसं ते गोऱ्या पोरांच्या धक्काबुक्कीचं मैदान होत गेलं. ज्याला पुरुष 'सुवर्णकाळ' म्हणतात, तो अनेक बायांसाठी बाहेर पडण्याचा काळ होता. ॲलिस पुढे शिक्षिका झाल्या आणि २०११ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहिलं. नुसती तक्रार करून त्या थांबल्या नाहीत, इतिहासातली आपली जागा त्यांनी स्वतः लिहून घेतली.

मग जुन्या आठवणी फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. १९८५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या याच मंडळींनी आपल्यातल्या हाणामारीला विटून नवी सुरुवात केली, दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर ढोल बडवून वर्णभेदाचा निषेध केला. मॅकाय यांच्या 'फुगाझी'ने तिकीट शक्यतो पाच डॉलरवर ठेवलं, प्रेक्षकांत मारामारी झाली तर गाणं थांबवलं, आणि पुढे आपल्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं लोकांसाठी खुली केली. यातले चुकलेले सूरही लपवले नाहीत. याला म्हणतात दस्तऐवज. स्मरणरंजन चुका गाळतं, दस्तऐवज त्या ठेवतो.

आणि १९८६ ला 'संपलेलं' ते हार्डकोअर १९९१ मध्ये शिकागोच्या मेक्सिकन वस्तीत 'लॉस क्रूडोस'ने स्पॅनिशमधून पुन्हा गायलं. संपली होती ती फक्त काहींची तरुणाई.

आता आपल्याकडे या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आज तिचे फोटो टी-शर्टवर आहेत. मलाही ते पाहून ऊर भरून येतो, खोटं का बोलू? पण त्या फोटोत बाया किती? मोर्चाच्या भाकऱ्या कुणी भाजल्या, लाठ्या कुणी खाल्ल्या, फाटाफुटीनंतर कोण कायमचं घरी बसलं? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी बायांना प्रत्यक्ष भेटून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास लिहिला, 'आम्हीही इतिहास घडवला'. या नावातला 'ही' नीट वाचा. तो 'ही' लिहावा लागला, यातच आपली चूक कबूल आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी "आमच्या वेळी" म्हणालं की आदराने ऐका, आणि मग विचारा: तुमच्या वेळी कोण कोण होतं? कोण सोडून गेलं, आणि का? उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांपासून सुरुवात करा, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे.

जय भीम!