सिंदखेडचा होन व वऱ्हाडांतील बनावट नाणीं

गेल्या वैशाखांत मेहकर तालुक्यांतील एका गृहस्थांनीं एक सोनेरी नाणें मजकडे परीक्षेसाठीं आणिलें. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ अशा तीन ओळी, दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशा दोन; म्हणजे ज्यास आपण शिवराई होन म्हणतों तो. सिंदखेडच्या जाधवरावांच्या वाड्याच्या पायांत तो सांपडला व लखुजीरावांच्या खजिन्यांतील आहे, असें विकणारानें त्यांस सांगितलें होतें. किंमतहि बरीच घेतली होती. मातुःश्री जिजाबाईंच्या माहेरचा होन म्हणून तो त्यांच्या देवघरांत पूजेस होता; त्यामुळें खरें काय तें सांगणें मला जड गेलें. असे होन अलीकडे जागोजाग दिसूं लागले आहेत, सबब या एका नाण्याची तपासणी सविस्तर देतों.

धातूकडे वळण्यापूर्वीं काळाकडे पाहावें. लखुजीराव १६२९ सालीं दौलताबादेस मारले गेले. ‘छत्रपति’ हें पद महाराजांनीं धारण केलें तें ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं. मध्यें पंचेचाळीस वर्षें जातात, तेव्हां ही कथा नाण्यावरील अक्षरांनींच खोटी पडते. घराण्यांतील पुढील कोणा पुरुषानें तो होन आणिला असेल, असा पक्ष कोणी मांडील; तें अशक्य नाहीं. परंतु सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा मुलूख मोगलांकडे होता व व्यवहार रुपयांत चाले. होन हें मुख्यतः दक्षिणेचें चलन. येथील जमिनींत तो सांपडणें हा अपवाद होय, आणि अपवादास पुरावा अधिक बळकट लागतो.

आतां धातु. अस्सल शिवराई होन वजनास सुमारे पावणेतीन ग्रॅम असतो. अस्सल म्हणून ज्ञात असलेले नग मोजकेच आहेत. प्रस्तुत नाणें २.७६ ग्रॅम भरलें, म्हणजे वजन बिनचूक. नुसत्या तराजूवर भरंवसा ठेवणारा येथेंच फसतो. बनविणारानें वजन मुद्दाम जुळविलें होतें. पण हलक्या धातूनें वजन जुळवावयाचें तर जाडी वाढवावी लागते, आणि हें नाणें बोटांस जाड लागत होतें. मग तें बारीक दोऱ्यानें टांगून पाण्यांत तोललें. तेथें २.४४ ग्रॅम भरलें. घट ०.३२ झाली, २.७६ ला तिनें भागलें असतां विशिष्ट गुरुत्व ८.६ येतें. शुद्ध सोन्याचें तें १९.३, चांदीचें १०.५, तांब्याचें ८.९ आणि पितळेचें साडेआठाच्या आसपास असतें. सोनें चांगलें असतें तर पाण्यांतील घट ०.१५ च्या जवळपास आली असती. तात्पर्य, आंत पितळ व वर मुलामा. अक्षरांस छापखान्याच्या टाइपाचें वळण आहे हें मागाहून लक्षांत आलें. वस्तुतः तें प्रथमच दिसावयास हवें होतें, पण सोनेरी रंगापुढें डोळा दिपतो.

त्या काळीं नाण्याची पत धातूवरच असे. राज्याभिषेकाच्या वेळीं आलेल्या हेन्री ऑक्झिंडनशीं जो तह झाला, त्यांत इंग्रजी नाण्याविषयीं महाराजांचें उत्तर असें कीं, कोणत्याहि नाण्यास मनाई नाहीं. मात्र जें घेतल्यानें रयतेचें नुकसान होईल तें घेण्याची तिच्यावर सक्ति करतां येणार नाहीं. कस व वजन मोगली नाण्याइतकें असल्यास तें खुशाल चालावें. अशा राजाच्या नांवानें मुलाम्याचें पितळ विकलें जावें, याचा खेद वाटतो.

तांब्याच्या शिवराईविषयीं मात्र उलट सावधगिरी हवी. तेथें खोटें नाणें घेण्यापेक्षां खरें टाकून देण्याचें भय अधिक. रेव्हरंड अ‍ॅबट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंचवीस हजारांहून अधिक शिवराया तपासल्या, त्यांत ‘शिव’, ‘सिव’, ‘पति’, ‘पती’ असे लेखनाचे किती तरी भेद निघाले. याचें कारण उघड आहे. महाराजांच्या पश्चात् शेंसवाशें वर्षें हेंच नाणें पडत राहिलें, आणि पेशवाईंत तें पाडण्याचे परवाने खासगी लोकांसहि मिळत. नागोठण्याच्या बाळाजी बापूजीस १७४४ सालीं मिळालेला परवाना प्रसिद्धच आहे. तेव्हां ओबडधोबड अक्षर किंवा ऱ्हस्वदीर्घाची चूक हा बनावटीचा पुरावा नव्हे. उलट वर्तुळाच्या बरोबर मध्यभागीं सगळीं अक्षरें नीट बसलेलीं दिसलीं तर शंका घ्यावी. ठसा तुकड्यापेक्षां मोठा असे व घाव हातोड्याचा. म्हणून बहुतेक खऱ्या शिवरायांवर एखादें अक्षर कांठाबाहेर गेलेलें असतें. मोगली रुपयांचेंहि तसेंच. टांकसाळीचें नांव अर्धवटच मिळालें म्हणून एलिचपूरचे वा बऱ्हाणपूरचे रुपये टाकूं नयेत.

ओतीव नकल ओळखण्यास डोळा पुरे. तिच्या पृष्ठावर वाळूचे बारीक खळगे असतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, कांठावर कानशीचे ओरखडे दिसतात. आणि ओतलेला धातु थंड होतांना आक्रसतो म्हणून ती मूळ नाण्याहून किंचित् लहान भरते. दोन नाण्यांवर एकच खळगा एकाच जागीं असेल तर दोन्ही एका सांच्यांतून निघालीं हें निश्चित समजावें. हातानें पाडलेल्या नाण्यांत एकच ठसा दोनदां भेटूं शकतो, पण तोच ओरखडा व तोच झिजलेला कोपरा दोनदां भेटत नाहीं.

धातु खरा, ठसा खरा, परंतु कथा खोटी, असाहि एक प्रकार आहे. या जिल्ह्यांतील साखरखेर्ड्याची लढाई १७२४ सालीं झाली व निजामउल्मुल्क दक्षिणेंत स्वतंत्र झाला. म्हणून ‘निजामउल्मुल्क आसफजाह’ अशीं अक्षरें असलेले हैदराबादी रुपये त्या विजयाचे म्हणून विकले जातात. वास्तविक त्यानें व त्याच्या वंशजांनीं १८५७ पर्यंत नाणीं पाडलीं तीं दिल्लीच्या बादशहाच्या नांवें. फार तर निजामाच्या नांवाचें एखादें आद्याक्षर त्यांवर आढळतें. तो पूर्ण किताब त्यानंतरचा. रुपया अस्सल, पण विकणाराच्या सांगण्याहून शंभरावर वर्षांनीं अलीकडचा.

खोट्या नाण्यानें संग्राहकाचा पैसा जातो, इतिहासाचें त्याहून अधिक जातें. १९३९ सालीं तऱ्हाळा येथें (तेव्हां अकोला, आतां वाशीम जिल्हा) सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा पंधराशेंच्या आसपासचा निधि सांपडला. सोंड उंचावलेला हत्ती व उज्जयिनीचें चिन्ह अशा त्या नाण्यांवरून म. म. वा. वि. मिराशी यांनीं कुंभ, कर्ण, शक अशीं पुराणांत नसलेलीं राजनामें वाचलीं. तीं मान्य झालीं याचें कारण निधि एकत्र हातीं आला हें होय. तींच नांवें बाजारांतील सुट्या एकेक नाण्यांवर दिसतीं तर कोणी त्यांवर विश्वास ठेविला असता? जोगळटेंभीचा १९०६ चा निधिहि असाच. तेथील तेरा हजारांवर नाण्यांतून नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या ठशावर गौतमीपुत्राचा ठसा पडलेला दिसला, आणि एका राजानें दुसऱ्याचा पराभव केल्याचें चांदीनेंच सांगितलें. पूर्णेकाठच्या भोनसारखीं सातवाहनकालीन वस्तीचीं ठिकाणें आपल्याहि जिल्ह्यांत आहेत. तेथील एखादें नाणें वाटेंत फुटकळ होऊन ‘सिंदखेडचें’ म्हणून विकलें गेलें, तर तें खरें असूनहि मुकें होतें. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांवरील ठेव जिल्हाधिकाऱ्यास कळविण्यास सांगतो. त्याच्या भीतीनेंच सांपडल्या जागेचें नांव लपवितात वा भलतें सांगतात. संग्राहकांनीं नाण्यापेक्षां जागेची चौकशी आधीं करावी, असें माझें मत आहे.

एक गोष्ट राहिली. जुन्या काळींच चलनांत खपविण्यासाठीं केलेलीं खोटीं नाणीं, म्हणजे आंत तांबें व वर चांदीचा पत्रा असे रुपये, मीं फेंकूं देत नाहीं. तीं त्या काळच्या बाजाराचे कागदपत्रच होत. फक्त त्यांच्या पाकिटावर तसें लिहून ठेवावें.

होन आणणाऱ्या गृहस्थांनीं सर्व ऐकून घेतलें व थोडा वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग नाणें परत देवघरांत ठेवूं काय, असें त्यांनीं विचारलें. ठेवावें, म्हटलें, श्रद्धेचा प्रश्न मजकडे नाहीं. मात्र हवेंतील वजन, पाण्यांतील वजन व ‘पितळ’ एवढा शब्द लिहून मीं एक चिठ्ठी दिली, आणि मुलांनातवंडांच्या हातीं नाणें जाईल तेव्हां ती त्यासोबत जावी, एवढी विनंती केली. त्यांनीं ती घडी घालून डबींत नाण्याखालीं ठेविली.