गाण्यांचं दुकान नेमकं कुणाचं?

परवा रात्री अकरा वाजता माझ्या हॉस्टेलच्या रूममेटचा फोन आला. त्याची चार गाणी तयार आहेत, सगळी घरातल्या खोलीत रेकॉर्ड केलेली. त्याचा प्रश्न एकच. "तू आयटीवाला ना? मग सांग, ही टाकू कुठे?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. स्पॉटिफायचंच घ्या. २०२४ पासून तिथे नियम असा आहे, की आधीच्या १२ महिन्यांत गाणं निदान १,००० वेळा वाजलं नसेल, तर त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. ९९९ वेळा वाजलं तरी हातात शून्य. नवीन माणसानं मग जायचं कुठे? मी म्हटलं, थांब, आधी जरा इतिहास बघू. कारण हा शोध तीस वर्षं जुना आहे.

१९९३ साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला रॉब लॉर्ड आणि जेफ पॅटरसन हे दोन विद्यार्थी होते. जेफचा बँड होता, पण रेकॉर्ड कंपनी नव्हती. त्यांनी गाणी सरळ इंटरनेटवर ठेवली आणि इतर बँडनाही जागा दिली. इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह असं भारदस्त नाव! त्यांच्याकडे मोठं भांडवल नव्हतं, पण बिनकंपनीचा कलाकार थेट श्रोत्यापर्यंत पोहोचू शकतो, हे दिसलं.

मग आलं एमपीथ्री डॉट कॉम. हजारो अनोळखी कलाकारांनी तिथे आपली गाणी ठेवली. १९९९ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, २००१ मध्ये व्हिवेंदी युनिव्हर्सलनं ती विकत घेतली आणि २००३ मध्ये पुन्हा विकून टाकली. त्या वर्षाच्या शेवटी तिथला गाण्यांचा साठाच काढून टाकला. ज्यांच्याकडे स्वतःची कॉपी नव्हती, त्यांचं काय झालं असेल, विचार करा.

२००८ मध्ये बँडकॅम्प सुरू झालं. हिशेब स्वच्छ होता. किंमत कलाकारानं ठरवायची आणि डिजिटल विक्रीवर साइटनं साधारण १५ टक्के घ्यायचे. २० मार्च २०२०ला, कोरोनानं कार्यक्रम बंद पाडले तेव्हा, त्यांनी एक दिवस आपला वाटा सोडला. त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली! पण २०२२ मध्ये एपिक गेम्स या गेमिंग कंपनीनं बँडकॅम्प विकत घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकलं आणि त्या व्यवहारात जवळपास अर्ध्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. दोन्ही वेळा कलाकारांना कुणी विचारलं नाही.

इंजिनियर म्हणून मला सगळ्यात खटकतं ते हे. सर्व्हर चालत होता, कोड चालत होता, गिऱ्हाईकही होतं. तरी दुकान हातातून गेलं, कारण मालक दुसराच होता.

म्हणून आता काही जण दुकानच आपल्या मालकीचं करू बघतायत. २०१५ मध्ये रेझोनेट ही सहकारी स्ट्रीमिंग संस्था निघाली. तिथे एक गाणं नऊ वेळा ऐकलं, की त्याची किंमत फिटायची आणि ते तुमचं व्हायचं. बँडकॅम्पच्या विक्रीनंतर सबव्हर्ट आलं, कलाकार आणि श्रोते सभासद असलेलं. आपल्या प्रवरानगरला ऊसवाल्या शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला, त्याच जातीची ही कल्पना. आता सहकारात पुढे काय काय होतं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको! जादू नाहीये ही. पण निदान विकायची वेळ आली, तर सभासदांना विचारावं लागतं.

रूममेटला मी शेवटी इतकंच सांगितलं: "गाणी सगळीकडे टाक. पण मूळ रेकॉर्डिंग दोन हार्ड डिस्कवर ठेव आणि ऐकणाऱ्यांचे ईमेल स्वतःकडे जमव. दुकान बदललं तरी गिऱ्हाईक तुझं राहील."

तो म्हणाला, "पहिला ईमेल तुझा लिहू का?" लिहिला त्यानं. तुमच्या ओळखीत असं कुणी गाणारं असेल, तर या आठवड्यात त्यांचं एक गाणं विकत घ्या. भेटू पुढच्या भागात!