घरगुती गिटार-अ‍ॅम्प्लिफायर : मांडणी आणि रेखाटन

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्रातील 250 मेगावॅटच्या संचांची जनित्रे मिनिटाला 3000 फेरे घेतात; घराघरांत पोहोचणारी वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते ती त्यामुळेच. घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याला हीच आवर्तने गुरगुर होऊन छळतात. एसीचे डीसी केल्यावर मागे राहणारी थरथर बहुधा 100 हर्ट्झची असते आणि गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला निघणारा सूर 98 हर्ट्झचा! गुरगुर गाळायला जावे, तर सूरही जातो. म्हणून तिचा बंदोबस्त मांडणीतच करावा लागतो.

ट्रान्स्फॉर्मर आणि गिटारचे सॉकेट पेटीच्या विरुद्ध टोकांना असावेत. गिटारकडून येणारी तार आखूड व जाळीच्या आवरणाची हवी. स्पीकरची तार तिच्याजवळून नेल्यास शिटी वाजते. ग्राउंडच्या तारा एकाच बिंदूवर आणाव्यात. धातूची पेटी अर्थिंगला जोडण्यात मात्र कसलीही काटकसर नको, तेथे प्रश्न जिवाचा आहे.

पेडलला 9 व्होल्टची बॅटरी पुरते. तेथे अडचण जागेची. सर्किटचे रेखाटन सुट्या भागांच्या बाजूने पाहून काढले असेल, तर ते सरळच छापावे. इस्त्रीने तांब्यावर उमटताना ते आपोआप उलटते. तांब्याच्या बाजूने काढलेले मात्र उलटे छापावे. नवशिके नेमके येथेच फसतात आणि फेरिक क्लोराइडमधून पट्टी बाहेर निघाल्यावर आयसीचे पाय जुळत नाहीत. दर्शनी चित्र छापण्यापूर्वी नॉब बसवून पाहावेत. अक्षरे त्यांच्याखाली झाकली जातात.