खिळे जुळवणाऱ्या

माझी पणजी गुजरातेतली. गाव कोणतं, ते तिलाही धड आठवत नसे. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1900 च्या आगेमागे, घरचे सगळे गेले आणि ही केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात पोचली. मराठी तिथंच शिकली, बाप्तिस्माही तिथंच झाला. मोजायची मात्र शेवटपर्यंत गुजरातीत. आजी सांगायची, सुरुवातीला ती अर्धी भाकरी उशाखाली दडवून निजे. कुणी रागावत नसे. दडवणाऱ्या पुष्कळ होत्या.

रमाबाईंना ती भूक ठाऊक होती. 1874 मध्ये, दक्षिणेत भटकत असताना, दुष्काळानं त्यांचे आईवडील नेले. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात, तेव्हा ठेंगण्या रमेनं तिरडीचा भार डोक्यावर घेतला. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी. पदरात तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब झाला; आणि तिकडे, मठातल्या ज्या ख्रिस्ती भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीही धर्ममतावरून वाद घालायला बाई कचरल्या नाहीत. सोसणारी बाई म्हणजे गप्प बसणारी, असं आमच्या कित्येक उपदेशकांना अजून वाटतं! 1897 मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात मुलींची आबाळ होते म्हणून याच बाईंनी वर्तमानपत्रातून सरकारला जाब विचारला होता. त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी सुमारे 300 मुली आणल्या. प्लेगमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर नेलं.

तिथं प्रीती कामाला जुंपलेली होती. शेत, गोठा, माग, तेलाचा घाणा, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. आणि छापखाना. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणायचं काम बाईंनी हाती घेतलं होतं. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या याच दुष्काळातल्या मुली. पणजी खिळ्यांवर होती. उलटं वाचायची तिला इतकी सवय, की नातवंडांच्या पाटीवरचं ती समोर बसूनच वाची आणि चूक काढी.

24 जुलै 1921 ला मनोरमा गेली. आपल्यामागं मुक्ती तिनं सांभाळायची, असं बाईंच्या मनात होतं. आजीनं एकदा विचारलं, "आई, बाईंनी ते कसं गं सोसलं?"

"त्यांना ते नवं नव्हतं, आम्हालाही नव्हतं. प्रार्थना केली नि कामाला लागलो."

एवढंच. याहून जास्त पणजीनं कधी सांगितलं नाही, आणि तिच्या उत्तरात मी पदरची भर घालणार नाही.

5 एप्रिल 1922 ला बाईही गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. बाईंची चरित्रं बरीच आहेत, खिळे जुळवणाऱ्यांची हवी आहेत. तुमच्या घरात केडगावची कुणी आजी-पणजी होऊन गेली असेल, तर तिचं नाव, तिचा मुलूख आणि तिनं कोणत्या खात्यात काम केलं, एवढं तरी लिहून ठेवा.